किशोरवयातील बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया : होकाराच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वजन घटवण्याच्या, म्हणजेच बॅरिॲट्रिक, शस्त्रक्रियांवर तज्ज्ञांची परिषद बोलावली. तिने प्रौढांसाठी ठरवलेले निकष पुढे सुमारे तीन दशके प्रमाण मानले गेले. बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक असावा, अथवा ३५ च्या पुढे असून सोबत मधुमेहासारखा गंभीर विकार असावा, असे ते निकष होते. मुले आणि किशोरवयीन यांच्याबाबत मात्र पुरेसा अभ्यास झालेला नसल्याने शिफारस करता येत नाही, एवढेच परिषदेने नोंदवले.

ही सावधगिरी सकारण होती. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या पहिल्या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जाई. वजन झपाट्याने उतरे. पण काही रुग्णांचे यकृत निकामी झाले, काहींना मूतखड्यांनी ग्रासले आणि अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराच्या बायपासचा, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याचा, मार्ग काढला. व्रणासाठी (अल्सर) जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली. १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने ही शस्त्रक्रिया किशोरवयीनांवरही केली. त्यांत प्रेडर-विली सिंड्रोम असलेली मुले होती. या जनुकीय विकारात भूक शमतच नाही आणि बहुधा बौद्धिक वाढही मर्यादित राहते. म्हणजे स्वतःच्या शरीरावरील शस्त्रक्रियेचा अर्थ ज्याला पुरता कळत नाही, त्याच्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हा प्रश्न या विषयाला अगदी सुरुवातीपासूनच चिकटलेला आहे.

त्या प्रश्नाला वैद्यकीय नीतिशास्त्राची भाषा मिळाली ती बरीच उशिरा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ मध्ये भूमिका मांडली की, कायदेशीर परवानगी पालकांची असली तरी समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही घेतला पाहिजे. कागदावर हे सोपे दिसते. परंतु नकार दिल्यास शस्त्रक्रिया खरोखर थांबणार असेल, तरच होकाराला अर्थ उरतो. वर्षानुवर्षे वर्गात चिडवले गेलेले, घरी प्रत्येक घासाला टोकले गेलेले मूल शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणते, तेव्हा त्यात त्याची स्वतःची इच्छा किती आणि सुटकेची धडपड किती, हे ओळखणे अनुभवी मानसोपचारतज्ज्ञालाही अवघड जाते.

२००४ मध्ये अमेरिकेतील बालशल्यचिकित्सक आणि बालरोगतज्ज्ञांच्या एका गटाने किशोरवयीनांसाठी स्वतंत्र निकष सुचवले, आणि ते प्रौढांपेक्षा कडक होते. बीएमआय ४० असून सोबत गंभीर आजार असावा, किंवा तो ५० च्या पुढे असावा. वजन कमी करण्याचे किमान सहा महिन्यांचे प्रयत्न फसलेले असावेत. हाडांची वाढ बहुतांशी पूर्ण झालेली असावी. घरचा आधार असावा. आणि निर्णय समजून घेण्याची क्षमता मुलात असावी. मुलींकडून शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभर गर्भधारणा टाळण्याची तयारीही अपेक्षित होती. वजन उतरले की प्रजननक्षमता वाढते आणि त्याच काळात शरीरात पोषणद्रव्यांची टंचाई असते, हे त्यामागचे कारण होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीशी हे बोलणे आईवडिलांसमोर करायचे की एकटीशी, हा प्रश्नही त्या एका अटीतूनच उभा राहतो.

त्याच सुमारास जठराभोवती बसवायचा, सैल-घट्ट करता येणारा पट्टा अनेकांना मुलांसाठी नैतिकदृष्ट्या सुरक्षित वाटला, कारण तो काढता येतो. ऑस्ट्रेलियात १४ ते १८ वयाच्या ५० जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्ट्याने वजन चांगले उतरले. पण पट्टा बसवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना दोन वर्षांतच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे पट्टा मागे पडला आणि जठराचा सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून टाकणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया रूढ झाली. परतीची वाट मोकळी ठेवणारा उपाय टिकला नाही आणि न परतणारा उपाय मुलांच्या वाट्याला आला, ही या इतिहासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

तरीही ‘मोठे होईपर्यंत थांबा’ हा सल्ला निरुपद्रवी नव्हे, हे टीन-लॅब्स या अभ्यासाने दाखवले. २००७ पासून अमेरिकेतील पाच केंद्रांत २४२ किशोरवयीनांची त्यात नोंद झाली. त्यांचा सरासरी बीएमआय ५३ होता, म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीच्या मुलीचे वजन सुमारे १४४ किलो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार, बायपासनंतर पाच वर्षांनी किशोरवयीनांपैकी ८६ टक्के मधुमेही रुग्णांचा आजार ओसरला होता, तर प्रौढांत हे प्रमाण ५३ टक्के होते. मात्र किशोरवयीनांपैकी ४८ टक्क्यांच्या शरीरात लोहाचा साठा कमी आढळला, प्रौढांपैकी २९ टक्क्यांच्या. पोटाच्या पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियाही किशोरवयीनांतच अधिक होत्या. लोह, कॅल्शियम आणि बी-१२ च्या गोळ्या आयुष्यभर, रोज घ्याव्या लागतात. शाळा-कॉलेजच्या वयात, घर सोडून वसतिगृहात गेल्यावर त्या सर्वांत आधी सुटतात.

तोवर निकषही सैल होत गेले. २०१८ मध्ये अमेरिकी बॅरिॲट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने हाडांची वाढ आणि आधीचे फसलेले प्रयत्न या अटी वगळल्या, आणि बौद्धिक वाढ मर्यादित असणे हाही आपोआप अडसर मानू नये, असे म्हटले. म्हणजे १९७० च्या दशकातील आयोवाचा प्रश्न पुन्हा दारात आला, या वेळी अधिक सुरक्षित तंत्रासह. जानेवारी २०२३ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तीव्र स्थूलता असलेल्या १३ वर्षांपुढील मुलांना शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासाठी पाठवण्याचा पर्याय द्यावा, अशी शिफारस केली. त्याच्या महिनाभर आधी सेमाग्लुटाइड हे आठवड्याला एकदा टोचायचे औषध अमेरिकेत १२ वर्षांपुढील मुलांसाठी मंजूर झाले होते, त्यामुळे आज पालकांसमोर दोन वाटा एकदमच मांडल्या जातात.

टीन-लॅब्सचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. बीएमआय सरासरी २० टक्क्यांनी कमी राहिला होता आणि मधुमेह ओसरलेल्यांचे प्रमाण ५५ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या वेळी सरासरी १७ वर्षांचे असलेले हे रुग्ण तेव्हा २७ वर्षांच्या आसपास होते.