नव्याने बांधलेल्या इंजिनात कार्बन: आधी तपास, मग साफसफाई

इंजिन उतरवून पुन्हा बांधून घेतलं की आता काही वर्षं तरी बॉनेट उघडायला लागू नये, अशी तुमची अपेक्षा असते. ती रास्तच आहे. मग दोन-तीन महिन्यांत चढावर कटकट आवाज येऊ लागतो, सकाळी पहिली दोन मिनिटं इंजिन मिसिंग करतं, आणि कोणीतरी सांगतं, ‘कार्बन झालाय, साफ करून घ्या.’ झालाही असेल. पण तो कुठून आला हे न बघता खरवडला, तर काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन तुम्ही पुन्हा आमच्याकडे येणार.

पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, आत पातळ थर प्रत्येक चालत्या इंजिनात बसतो, त्याचं काही वाटून घेऊ नका. लवकर वाढणाऱ्या जाड थरामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं. एक तर सिलिंडरमध्ये ऑईल जातंय, नाहीतर पेट्रोल जास्त जातंय. आम्ही आधी हे दोन वेगळे करतो.

त्यासाठी सगळे स्पार्क प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तो सिलिंडर ठीक. कोरडी काजळी असेल आणि बोट फिरवल्यावर पुसली जात असेल, तर पेट्रोल जास्त होतंय. यात इंजेक्टर गळणं, एअर फिल्टर चोंदणं, सेन्सर बिघडणं हे आलंच, पण थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन पुरतं तापत नाही आणि कंप्युटर ते थंडच आहे असं धरून पेट्रोल वाढवत राहतो. काळा थर ओला आणि चकचकीत असेल, तर ते ऑईल. सगळे प्लग सारखेच काळे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक असतं. एकच काळा असेल तर आम्ही त्याच सिलिंडरच्या मागे लागतो.

ऑईल कुठून येतंय याचा अंदाज सायलेन्सरच्या निळ्या धुरावरून येतो. रात्रभर उभी गाडी चालू करताना एकदाच भपका येऊन धूर थांबला, तर वॉल्व्ह सीलवर, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवरून ऑईल खाली उतरू न देणाऱ्या सीलवर, संशय. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून नंतर दाबल्यावर आला, तर सील किंवा गाइड, म्हणजे वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी. जोर लावताना सतत येत राहिला, तर पिस्टनवरच्या रिंगा.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. यातलं एक जरी चुकलं तरी आकड्याला अर्थ राहत नाही. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर गळती रिंगांतून, तसाच राहिला तर बहुधा वॉल्व्हमधून.

आकडा ठरल्यापेक्षा जास्त आला, तर पुस्तकी उत्तर कार्बन हेच आहे, कारण थराने आतली जागा कमी होते. बांधलेल्या इंजिनात मात्र इथेच फसगत होते. हेडचं फेसिंग करताना, म्हणजे त्याचा तळ सपाट करताना, धातू घासला जातो, त्यानेही जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर तसाच कटकट आवाज येतो. आत कार्बनचा कणही नसतो! म्हणून जास्त आकडा आला की आम्ही बोरस्कोप कॅमेरा आत घालून बघतो. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे काळा थर आणि फक्त कडेने गोल स्वच्छ पट्टा दिसला, तर ऑईल रिंगांवरून वर येऊन कड धुतंय. एखाद्याच पिस्टनचा माथा लख्ख धुतलेला दिसला तर आम्हाला जास्त काळजी वाटते, कारण तिथे हेड गॅस्केटमधून इंजिन थंड ठेवणारं पाणी शिरत असू शकतं.

आम्हीच बांधलेलं एक इंजिन असं परत आलं होतं. तिसरा प्लग ओला काळा, बाकीचे तीन स्वच्छ. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं, त्यामुळे रिंगांवरचा संशय कमी झाला. सकाळी थंड गाडी चालू केली, निळा भपका आला आणि विरला. वरचं कव्हर काढलं तर एक वॉल्व्ह सील गाइडवरून निसटून वर सरकलेलं. बसवताना ते पूर्ण दाबलं गेलं नव्हतं, चूक आमचीच होती. हेड न उतरवता सील बदललं आणि काम झालं. नुसता कार्बन साफ करून दिला असता तर ती गाडी पुन्हा आली असती.

कधी कधी कारण गाडी चालवण्यात असतं. नवं इंजिन म्हणून काही जण फार जपून चालवतात, उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवतात. रिंगा बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीशी, नीट बसायला थोडा दाब लागतो. तो मिळाला नाही तर बोअर गुळगुळीत होतो, होनिंगच्या (भिंत घासताना मुद्दाम पाडलेल्या) बारीक रेघा बुजतात आणि इंजिन ऑईल खाऊ लागतं. पहिले हजारेक किलोमीटर वेग बदलता ठेवा, मध्यम जोर द्या. फार रेटूही नका.

तपासणीला गाडी आणाल तेव्हा शक्यतो आदल्या रात्रीच आमच्याकडे सोडा, म्हणजे सकाळचा पहिला धूर आम्हाला बघता येईल. येण्याआधी प्लग बदलू नका, पुसूही नका. मधल्या काळात किती ऑईल वरून घातलं आणि किती किलोमीटरमध्ये, ते लिहून आणा. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून बघा. काम दुसरीकडे झालं असेल तर हेडचं फेसिंग केलं होतं का, तेही विचारून या.