नराच्या दोन काड्या आणि काळ्या खेकड्याचं कुळ

मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले की त्र्यंबक, हरसूल, पेठकडच्या रस्त्यांवर बाया काळ्या खेकड्यांचे वाटे मांडून बसतात. गिऱ्हाईक खेकडा हातात घेतं आणि आधी उलटा करतं. पोटाखाली दुमडलेली पट्टी चिंचोळी असली तर नर, रुंद पसरट असली तर मादी. इकडच्या पोरासोरांनाही हे कळतं. शास्त्राने मात्र ही पट्टी उचलून बघितली ती बहुतेक वेळा नराचीच, आणि काळ्या खेकड्याच्या कुळाचा घोळ बराचसा तिथूनच निघाला.

दख्खनच्या पठारावरच्या या खेकड्याचं वर्णन १८३६ साली इंग्रज अंमलदारीत झालं. त्याला आज बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस म्हणतात. नावातच बिळं खणण्याची खोड आहे. भातखाचरांचे बांध पोखरतो म्हणून शेतकरी त्याला शिव्या घालतात ते खरं, पण २०१९ मध्ये कोकणातलं तिवरे धरण फुटल्याचं खापरही खेकड्यांवर फोडलं गेलं, ते जरा जास्तच झालं.

१९१० साली कलकत्त्याहून भारतीय गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची मोठी यादी निघाली. तिने मुख्य विभागणी केली ती जबड्याला असलेल्या बारक्या स्पर्शिकेवरून: तिचं टोक साधं की दुभागलेलं. साठ वर्षांनी, १९७० मध्ये, जर्मनीतल्या एका अभ्यासकाने युरोप-आशियातल्या खेकड्यांची फेरमांडणी केली आणि सगळा भार टाकला नराच्या जननपादांवर. मराठीत रुळलेला शब्द नाही म्हणून जननपाद म्हणतो; दिसायला त्या पट्टीखाली लपवलेल्या काड्याच. पोटाच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्यांचं हे रूपांतर. पहिली जोडी गुंडाळून नळी झालेली, दुसरी बारीक, त्या नळीत दट्ट्यासारखी सरकणारी. शुक्रनलिका शेवटच्या चालत्या पायांच्या बुडाशी उघडते, तिथून शुक्रपेशींच्या पुड्या नळीत येतात आणि दट्ट्या त्या पुढे ढकलतो. मादीची दोन जननद्वारं छातीच्या कवचावर असतात. आत शुक्रपेशी साठवायच्या पिशव्या.

या काड्यांचा आकार जातीजातीत वेगळा असतो. त्यामुळे जात ओळखायला त्या उत्तमच. घोटाळा झाला तो कुळं पाडताना. दुसऱ्या काडीचं टोक आखूड की लांब, अशा खुणांवर भावकी वाटून दिली. आपला काळा खेकडा गेकार्सिन्युसिडी कुळात गेला आणि दक्षिणेतल्या भातशेतांमधला ओझिओटेल्फ्युसा पॅराथेल्फ्युसिडी कुळात. एकाच देशातले, एकाच प्रकारच्या चिखलात राहणारे हे दोघे जवळपास चाळीस वर्षं कागदोपत्री परके होते. २००९ मध्ये जनुकांच्या आधारे दोन्ही कुळं एक केली गेली. जुनं नाव गेकार्सिन्युसिडी, म्हणून तेच राहिलं. जुने लेख वाचणाऱ्यांचा अजून गोंधळ उडतो, कारण तोच खेकडा कुठे या नावाखाली सापडतो, कुठे त्या.

माझं मत विचाराल तर निर्णय योग्य होता, उशिरा झाला एवढंच. काडीचं टोक आखूड होणं ही एका घराण्याची मिरास नाही.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, याहून मोठा धक्का बसला. गोंडवन या दक्षिणेतल्या प्राचीन महाखंडातून भारताचा तुकडा सुटला तेव्हाच हे खेकडे त्यावर बसून आले, असं मानण्याकडे अनेकांचा कल होता. जनुकांनी वेगळंच सांगितलं: इथल्या गेकार्सिन्युसिडी खेकड्यांचे पूर्वज आग्नेय आशियातून आले, इओसिन काळात, म्हणजे साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. ब्रह्मगिरी-अंजनेरीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे डोंगर आधीचा, खेकडा उपरा.

गोड्या पाण्यात टिकण्याची खरी करामत मात्र मादीच्या अंगी आहे, आणि तिच्यावर लिहिलेलं कमी. समुद्रातली चिंबोरी लाखांनी अंडी घालते आणि पिलं सूक्ष्म अळ्या होऊन पाण्यावर तरंगत जातात. नाशिकच्या ओढ्यातल्या अळीला ही चैन परवडणारी नाही. गोदावरी इथून निघाली की बंगालच्या उपसागराला पोचेपर्यंत १,४६५ किलोमीटर वाहते. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी अंडी घेऊन खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत उतरते. काळ्या खेकड्याने तो हेलपाटाच बंद केला. अंडी काही शेच, पण टपोरी, पिवळ्या बलकाने भरलेली. अळीची सगळी रूपं अंड्यातच उरकतात आणि बाहेर येतो तो तयार खेकडा. दक्षिण अमेरिकेतल्या एका वेगळ्याच वंशाच्या खेकड्यांनीही हीच वाट स्वतंत्रपणे काढली.

पिलं काही दिवस आईच्या पट्टीखालीच राहतात. ती पोट फाडून बाहेर येतात आणि आई मरते, ही समजूत यावरूनच निघाली असावी. कौटिलीय अर्थशास्त्रातही राजपुत्रांना खेकड्यांसारखे, जन्मदात्याला खाणारे म्हटलंय.

हरसूलच्या रस्त्यावर एका मावशींनी वाट्यातली मादी उचलून पट्टी नखाने जरा उघडली. आत मसुरीच्या दाण्याएवढी पिलं खच्चून भरलेली, काही लगेच त्यांच्या बोटावर चढली. "हिला नाही विकायची," म्हणाल्या आणि मागच्या ओहोळात सोडून आल्या. तिची जात पक्की ओळखायची म्हटलं असतं तर पुस्तकाने आधी तिचा नर मागितला असता.