गिधाडाचा पीएम (पोस्टमॉर्टेम) आणि डायक्लोफिनॅकची बंदी: थोडी पार्श्वभूमी

म्हसळ्याजवळच्या चिरगावला गिधाडं आहेत आणि त्यांच्यासाठी मेलेली ढोरं नेऊन टाकतात, हे रायगडात आता बऱ्याच जणांना माहितेय. पण ही वेळ का आली म्हणून विचारलं की "औषधामुळे गिधाडं मेली" एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. ते औषध म्हणजे डायक्लोफिनॅक, गुरांना सूज-दुखण्यावर टोचायचे ते. गिधाडं त्यानेच मरतायत हे शोधलं कुणी, कसं, आणि सापडल्यावरही ते थांबायला इतकी वर्षं का लागली, हे कुणी सांगतच नाही.

फार मागे जात नाही. 1886 ला परळला गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज निघालं, 1889 ला पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे मुक्तेश्वरला गेली. तेव्हा सगळा जोर बुळकांडीवर, म्हणजे गुरांच्या व्हायरसच्या साथीवर. बैल वाचला तर शेती वाचणार, सरळ हिशोब होता. रानातला पक्षी मेला तर तो फाडून बघावा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ती सवय पुढे शंभर वर्षं तरी गेली नाही असं माझं मत.

खरी गोष्ट 1990 नंतरची. राजस्थानात भरतपूरला गिधाडं मान खाली टाकून बसलेली दिसायला लागली, दिवसच्या दिवस तशीच, आणि मग झाडावरून पडायची. 1992 ते 2007 मध्ये देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली. कोकणात नारळावर, आंब्यावर घरटं करणारं गिधाड म्हणजे मुख्यतः हेच.

पीएममध्ये काय दिसायचं, तर छाती-पोट उघडलं की हृदयावर, लिव्हरवर, किडनीवर कळीचा चुना फासल्यासारखा पांढरा थर. ते युरिक ॲसिड. पक्ष्याची किडनी बंद पडली की ते रक्तात साठतं आणि अवयवांवर असं बसतं, याला व्हिसरल गाउट म्हणतात. म्हणजे किडनी गेली हे पहिल्या चिऱ्यातच कळत होतं, पण कशाने गेली ते चाकू सांगत नाही. इथेच गाडी अडली. आपल्याकडे बरेच जण व्हायरस धरून बसले, कारण पसरत होतं साथीसारखं, आणि साथ म्हटलं की व्हायरस शोधायचा ही शिकवणच बुळकांडीपासूनची. त्यात मेलेलं गिधाड हाती लागायचं ते बहुतेक कुजलेलंच. कोकणच्या दमट उन्हात तर काही तासांत किडनीचा लगदा होतो, मग स्लाइडवर काही वाचता येत नाही. बरं, ताजं मिळालं तरी एक तुकडा फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवायचं रसायन) आणि दुसरा फॉर्मलिनशिवाय गोठवून ठेवावा लागतो, कारण औषधाचे अंश किंवा व्हायरस शोधायचा तर फॉर्मलिनमधला तुकडा कामाचा नाही. बंदरावर मासळीला बर्फ पाहिजे तेवढा मिळतो, गिधाडाच्या किडनीसाठी तो घेऊन धावणार कोण?

उत्तर आलं पाकिस्तानातून. तिथल्या पंजाबात 2000 पासून तीन वर्षं मेलेली गिधाडं गोळा करून पद्धतशीर पीएम झाले. व्हायरस नाही, बॅक्टेरिया नाही, कीटकनाशक नाही, जड धातू नाही. मग प्रश्न उलटा केला, की गिधाड खातं काय? ढोरं. आणि ढोरांना किडनीला त्रास देणारं असं नवीन काय टोचतात? किडनी गेलेल्या 25 गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडलं, 25 पैकी 25 मध्ये. ज्यांना गाउट नव्हता अशा 13 मध्ये एकातही नाही. हे छापून आलं जानेवारी 2004 मध्ये.

आता वादाची गोष्ट. 2006 ला जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचं उत्पादन थांबवायचा आदेश निघाला, रीतसर अधिसूचना 2008 ला. माणसांचं डायक्लोफिनॅक मात्र चालूच, आणि तेही 30 मिलीच्या मोठ्या बाटल्यांत. माणसाला एका वेळी 3 मिली लागतं, मग 30 मिलीची बाटली कुणासाठी होती? नांगरणीच्या तोंडावर बैल लंगडायला लागला की शेतकरी मेडिकलमधून तीच बाटली आणायचा, स्वस्त आणि लगेच गुण. त्याच कामाचं दुसरं औषध, मेलॉक्सिकॅम, गिधाडाला चालतं, पण सुरुवातीला महाग होतं, आणि गुण उशिरा येतो अशी तक्रार. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याचा बैल तर बरा होतोय ना. इंजेक्शन देऊन बैल जगला तर काही दिवसांत औषध अंगातून जातं, गिधाडाचा संबंधच नाही. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत मेला आणि उघड्यावर टाकला तरच घात. पण शंभरातल्या एका मढ्यात जरी औषध असलं तरी गिधाडं संपायला पुरतं असा हिशोब निघाला होता, कारण एका मढ्यावर थवाच्या थवा बसतो. हे माहीत असून ती मोठी बाटली बंद व्हायला 2015 उजाडलं. त्यावरही कंपन्या कोर्टात गेल्या, 2017 ला कोर्टाने बंदी कायम ठेवली. 2006 ते 2015 ही नऊ वर्षं मला तरी माफ करता येत नाहीत.

पुढचं सगळं याचंच शेपूट. ॲसिक्लोफिनॅक हे तसलंच औषध गुरांच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, तरी ते आणि गिधाडाला घातक असलेलं किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद झालं 2023 ला, तसंच निमेसुलाइड 2024 संपता संपता. मधे जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-म्हसळ्याकडची जुनी उंच झाडं आडवी झाली, म्हणजे घरट्यांच्या जागाही गेल्या.

दक्षिणेला सिंधुदुर्गात विषय वेगळा, पण गाडी तशीच अडते. माकडताप (माणसालाही होणारा व्हायरसचा ताप) 1957 ला शिमोग्याच्या जंगलात सापडला तोच मुळी मेलेल्या माकडांवरून. 2016 ला तो दोडामार्ग-बांद्याकडे आला, गोचिडीतून, काजूच्या हंगामात. इथे तर पीएमसुद्धा कुणीही उठून करू शकत नाही, कारण फाडणाऱ्यालाच लागण व्हायची भीती. मेलेलं माकड दिसलं की हात लावू नका, कळवा, असं सांगतात. कळवायचं कुणाला, वनखातं, गुरांचा दवाखाना की आरोग्यकेंद्र, यात अर्धा दिवस जातो, आणि तोवर मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या उतरून पाचोळ्यात गेलेल्या असतात.