पाळण्याचा पिवळा रंग

लेक पहिल्या बाळंतपणाला बेळगावच्या शहापूरला माहेरी आली आणि माळ्यावरचा सागवानी पाळणा खाली उतरला. शेजारच्या अक्का त्याला कानडीत तोट्टिलु म्हणतात. कठड्याचा एक टवका उडाला होता, तिथं रंगाचे थर मोजता येत होते: वर आकाशी, मधे हिरवा, तळाशी हळदीसारखा पिवळा. लेक पॉलिश पेपर घेऊन घासायला बसणारच होती. तिला उठवलं.

भीती त्या पिवळ्याची. जुन्या ऑइल पेंटमध्ये पिवळ्या आणि शेंदरी छटांसाठी शिशाचं क्रोमेट सर्रास पडायचं. रंग लवकर सुकावा म्हणूनही शिशाची संयुगं घालत. शिसपेन्सिलीनं आपला घोटाळा करून ठेवलाय. तिच्यात शिसं नसतंच, असतं ग्रॅफाइट, त्यामुळं शिसं म्हटलं की कुणी दचकत नाही. खरं शिसं पारंपरिक शेंदरात असतं, आणि हेव्यापोटी गवयाला शेंदूर चारल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो.

शरीरात शिसं तोतयासारखं वावरतं. कॅल्शियमची वाट धरून ते आतड्यातून रक्तात शिरतं, रक्तातून हाडांत जाऊन बसतं आणि तिथं वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी सुटू लागतं, तेव्हा हेही सुटतं. म्हणून घासायचं काम लेकीचं तर नव्हेच. पोटात गेलेल्या शिशातलं मोठं माणूस साधारण दहावा भाग शोषतं, लहान मूल जवळजवळ निम्मं. अंगात लोह कमी असलं तर आणखी जास्त.

सासूबाई म्हणाल्या, "ह्याच पाळण्यात चौघं वाढली की गं. काय झालंय त्यांना?" प्रश्न रास्त आहे. पण थोडं थोडं शिसं गेल्यानं ना ताप येतो, ना पुरळ उठतं. लक्ष टिकत नाही, शिकणं जरा मागं पडतं, आणि आपण म्हणतो पोर वांड आहे. शिशाविना वाढलेले तेच चौघं ताडून बघायला कुठून आणायचे?

सहाव्या महिन्याच्या आसपास हिरड्या शिवशिवू लागल्या की पोर कठडा चावतं. समजा नखाएवढा टवका तोंडात गेला, वजन 50 मिलिग्रॅम, आणि जुन्या रंगात शिसं 1 टक्का धरलं. म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त साधारण 800 मिलिलीटर. अमेरिकेत 2021 पासून मुलाच्या रक्तात डेसिलीटरमागं, म्हणजे 100 मिलिलीटरमागं, 3.5 मायक्रोग्रॅम शिसं निघालं की डॉक्टर सावध होतात. त्या हिशेबानं अख्ख्या रक्तात 28 मायक्रोग्रॅम. टवक्यातलं निम्मं अंगात मुरलं आणि त्यातलंही बरंचसं हाडांत गेलं, तरी ते 28 च्या आत बसत नाही.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 90 भाग, ठरवणारा नियम 2016 साली आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्या मापाच्या रंगाच्या तेवढ्याच टवक्यात साडेचार मायक्रोग्रॅम निघतं. डब्यावर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. मात्र हा नियम घराच्या रंगांचा, कारखान्यातल्या नव्हे. आमच्या बेळगावात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण "उद्यमबागेतल्या कारखान्यातून अर्धा डबा आणून देतो, मशीनचा रंग, वर्षानुवर्षं हलत नाही" म्हणणारा कुणीतरी प्रत्येक घरात निघतो. आमच्याकडं दीर निघाले. मशीनचा पिवळा पाळण्याला नकोच.

मग ऑनलाइन शिशाचा चाचणी किट मागवला. ब्लेडनं तिरकी खाच पाडली, तळचा थर उघडा केला आणि ओला बोळा घासला. शिसं असलं की तो गुलाबी-लाल होतो. झाला. (नाही झाला तरी शंभर टक्के खात्री नसते, आणि रंगच लाल असला तर बोळा फसवतो.) आता हा रंग कोरडा घासला तर धूळ घरभर, ब्लो लॅम्पनं जाळला तर वाफा नाकात. दार असतं तर वरून नवे दोन हात मारून थर झाकला असता. कठड्याला दात लागतात, तिथं झाकणं चालत नाही. पाळणा प्लास्टिकात गुंडाळून परत माळ्यावर ठेवला.

खानापूरच्या सुताराकडून कोऱ्या लाकडाचा नवा करून घेतला. गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, एवढं बजावलं. रंग पाण्यातला घेतला. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेत आठवडे न् आठवडे घट्ट होत राहतो आणि वास सोडत राहतो. पाण्यातल्यात पाणी उडालं की बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात. पण आमच्याकडं जुलैत झड लागली की पाणी उडायला हवेत जागा कुठं? वरून सुकल्यासारखा वाटला तरी नखानं दाबल्यावर वळ उठत होता. पातळ दोन हात, मधे पुरता एक दिवस, आणि पुढं महिनाभर पाळणा खिडकीजवळ रिकामा टांगून ठेवला. वळ उठायचा थांबला तेव्हा दुपटं अंथरलं.

बारशाला जुनं चिमणाळं तरी बांधा, असं सासूबाई धरून बसल्या. लाकडी चिमण्या, चोची पिवळ्या. किटातला एक बोळा उरला होता. चोचीवर घासला, लाल झाला, आणि सासूबाईंनी स्वतःच चिमणाळं उचलून माझ्या हातात दिलं.