फळीजवळची पाठ : आइस हॉकीत कौशल्य, मैदानी हॉकीत फाउल

मैदानी हॉकी खेळणाऱ्या सोलापूरच्या मुलांना मोबाइलवर आइस हॉकीची दृश्ये दाखवली की त्यांची पहिली शंका ठरलेली असते. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेच्या फळीला बिलगून, प्रतिस्पर्ध्याकडे सरळ पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूविरुद्ध पंच शिट्टी का वाजवत नाहीत? शंका रास्त आहे, कारण दोन्ही खेळांत कृती वरवर एकच दिसते.

मैदानी हॉकीत प्रतिस्पर्धी चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात असताना तो स्टिकने किंवा अंगाने झाकून ठेवणे, अथवा पाठ करून त्याच्या अंगावर सरकणे हे ‘ऑब्स्ट्रक्शन’ ठरते. जागेवर उभे राहून पास घेणाऱ्याला कोणत्याही दिशेला तोंड करण्याची मुभा आहे, परंतु तीही अंगाने वाट अडवण्यासाठी नाही.

आइस हॉकीत पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, ताब्यात असलेल्या खेळाडूने आपले शरीर मध्ये ठेवणे हाच बचावाचा पाया मानला जातो. जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत लेकराला भिंतीकडे घेऊन स्वतः गर्दीकडे पाठ करणारा बाप आठवावा. खेळाडूही नेमके तेच करतो. गुडघे वाकवून, पाय रुंद ठेवून, ७.६२ सेंटिमीटर व्यासाची ती रबरी चकती तो प्रतिस्पर्ध्यापासून लांबच्या बाजूला धरतो. स्टिकच्या पात्याच्या दोन्ही बाजू वापरता येत असल्याने त्याला हे सोपे जाते. मैदानी हॉकीत फक्त सपाट बाजूच चालते.

मात्र नुसते झाकून सुटका होत नाही. कसलेला खेळाडू पकपर्यंत पोहोचण्याआधीच खांद्यावरून मागे पाहून घेतो आणि मग दाब कमरेच्या कोणत्या बाजूला येतो आहे, हे अंगानेच ओळखतो. प्रतिस्पर्धी ज्या बाजूने रेटतो, त्याच बाजूला निघाल्याचा आव आणायचा आणि तो झुकला की स्केटच्या धारेवर गर्रकन उलटे वळायचे, ही सर्वांत उपयोगी चाल. दुसरी चाल फळीची आहे : पक तिच्यावर आपटून प्रतिस्पर्ध्याच्या मागे काढायचा आणि स्वतः वळसा घालून गाठायचा. आपल्याकडे कडेची रेषा ओलांडली की चेंडू प्रतिपक्षाचा. तिथे भिंतच सोबती होते. अर्थात, फळीपासून हात-दोन हात अंतरावर पाठ करून रेंगाळणे धोक्याचे असते, कारण धक्का बसला तर माणूस थेट फळीवर आदळतो. तसा धोकादायक धक्का देणाऱ्याला शिक्षा होते, पण दुखापत काही टळत नाही. त्यामुळे एक तर फळीला चिकटावे, नाही तर तिच्यापासून पुरते दूर राहावे.

ही मोकळीकही सरसकट नाही, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. पक ताब्यात नसताना प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत घुसून त्याला रोखले, तर तो ‘इंटरफिअरन्स’चा गुन्हा असतो आणि साधारणपणे त्यासाठी 2 मिनिटे बाहेर बसावे लागते. मोकळ्या हाताने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणेही चालत नाही.

आपल्या मैदानावर यातले काही उचलायचेच असेल, तर आधी मान वळवून पाहण्याची सवय आणि अखेरचे झटपट वळण एवढेच उचलावे. मधली पाठ बर्फावरच सोडून द्यावी.