ब्लॉक उतरला नाही, की नस दुखावली?

खांद्याचा सांधा बदलून चार दिवस झाले, हातात जोर नाही, आणि तरीही कुणीतरी समजावतं, "ब्लॉक उतरायचाय अजून, होईल." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. दुसऱ्या टोकाला असतात पहिल्याच रात्री "नस कापली हो!" म्हणून गावभर फोन लावणारे नातेवाईक. दोघांचा घोळ एकच. ब्लॉकने, म्हणजे हात बधिर करणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनने, झोपलेली नस (मज्जातंतू) आणि ऑपरेशनमध्ये दुखावलेली नस त्यांनी एकाच माळेत ओवलेली असते.

ब्लॉकबद्दल फार लिहीत नाही, ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना तो पाठ आहे. मानेच्या बाजूला सोनोग्राफीवर बघून इंजेक्शन, खांद्यापासून अंगठ्यापर्यंत हाताचं लाकूड, आणि साधारण अर्ध्या ते एका दिवसात हात परत आपला. कुणाची पापणी थोडी खाली येते, कुणाचा आवाज बसतो, तेही त्याच्याबरोबर जातं. नळी ठेवून औषध चालू असेल तर ती काढल्यापासून तास मोजायचे. पण एकदाच दिलेल्या नेहमीच्या ब्लॉकवर ४८ तासांनंतर खापर फोडू नका.

नसेला इजा होते ती बहुतेक वेळा ताणामुळे. कापली जाणं विरळा. दंडाच्या हाडाचा गोळा काढायला आणि वाटीपर्यंत पोचायला हात बाहेर वळवून मागे न्यावा लागतो, तेव्हा काखेतल्या नसांना ओढ बसते. २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ऑपरेशन चालू असतानाच ३० रुग्णांच्या नसांवर यंत्राने लक्ष ठेवलं होतं. १७ जणांमध्ये धोक्याचे इशारे आले. जखम उघडी धरणारे रिट्रॅक्टर नुसते काढून एकही इशारा थांबला नाही. हात सरळ, नैसर्गिक स्थितीत आणल्यावर बहुतेक थांबले. दोष बहुधा सुरीचा नसतो, हात कसा धरला याचा असतो. रिव्हर्स सांध्यात, म्हणजे गोळा आणि वाटीच्या जागा उलट केलेल्या कृत्रिम सांध्यात, तर हाताची लांबीच थोडी वाढते, म्हणजे आणखी ओढ.

आता खरी मेख. सगळ्यात जास्त धोक्यात असते ती अॅक्झिलरी नस. ती सांध्याच्या खालून, हाडाला मागून वळसा घालून डेल्टॉइड, म्हणजे हात उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूत शिरते आणि जाता जाता दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीला एक फांदी देते. त्या जागी कापसाचा बोळा फिरवायचा, "कळतंय का?" "कळतंय." झालं, नस ठीक! नाही. कातडीला स्पर्श कळत असूनही डेल्टॉइड पूर्ण थंड, म्हणजे निकामी, असू शकतो, कारण शेजारच्या नसांचा इलाखा तिथे थोडा सरकलेला असतो. उलटही होतं: जखमेजवळची कातडी नुसत्या छेदामुळे बधिर असते आणि स्नायू मात्र उत्तम चालतो. म्हणून कातडीला विचारून निर्णय देऊ नये, स्नायूला विचारावं.

आणि "हात वर करून दाखवा" हा प्रश्न तर नकोच. ताजा टाका, दुखणं, भीती, यांतल्या कशानेही हात उचलत नाही; आणि उचलला तरी कधी कधी तो खांद्याचा फरा (पाठीवरचं पसरट हाड) वर ओढून उचललेला असतो. पद्धत साधी आहे. ब्लॉक उतरलेला, हात झोळीत, कोपर अंगाशी. तपासणाऱ्याने तळवा खांद्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा आणि रुग्णाने दुसऱ्या हाताच्या आधाराविरुद्ध कोपर अगदी हलकं बाहेर, मग मागे दाबायचं, हात न हलवता. तळव्याखाली स्नायू कडक होतो की नाही, एवढंच बघायचं. हे सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टने करावं. घरी प्रयोग नकोत. रिव्हर्स सांध्यात या तपासणीला दुप्पट महत्त्व, कारण फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५च्या सुमारास तो घडवला तोच डेल्टॉइडच्या भरवशावर. डेल्टॉइड थंड असेल तर तो सांधा उचलणार कोण?

बाकीचे फरक किरकोळ. ब्लॉक जातो तो सगळीकडून हळूहळू. इजा बहुधा एका नसेपुरती राहते. कोपर वाकत नाही तर मस्क्युलोक्यूटेनियस नस, मनगट उचलत नाही तर रेडियल नस. पण हाताच्या नसांच्या अख्ख्या जाळ्यालाच ताण बसला असेल तर हा नियमही कोलमडतो, म्हणून मी घड्याळावर जास्त विश्वास ठेवते. आलेली ताकद परत गेली, सोबत सूज आणि वाढतं दुखणं, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. आत रक्त साचून नस दबत असेल तर त्याच घटकेला सर्जन हवा.

माझी जुनी चीड: पाचव्या दिवशी काढलेला ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेची तपासणी. नसेतल्या तुटलेल्या तंतूंच्या खुणा स्नायूत उमटायला तीनेक आठवडे लागतात. त्याआधीच्या "नॉर्मल" रिपोर्टवर विसंबून राहणं घातक. बी१२ची कमतरता नसताना त्याची इंजेक्शनं टोचणं हा पैशांचा अपव्यय. नुसता ताण असेल तर नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपणहून जागी होते. आतले तंतू तुटले असतील तर वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून सर्जनने आखलेला व्यायाम चालू ठेवायचा, आणि तीन महिन्यांनी ना तपासणीत ना ईएमजीत काही हालचाल असेल, तर नसांच्या सर्जनला दाखवायचं. सहा महिने उलटून गेले की दुरुस्तीचं फळ घटत जातं.