जंबो विमानं मोडीत निघतात तेव्हा

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७, म्हणजे जंबो विमान, मुंबईहून अमेरिकेकडे निघालं. नाव ‘आग्रा’, नोंदणी व्हीटी-ईव्हीए. उड्डाण होताच वैमानिकाने दोन्ही पंख आलटून पालटून झुकवत शहराचा निरोप घेतला आणि तो व्हिडिओ दिवसभर मोबाइलवरून मोबाइलवर फिरला. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ मुंबईत उतरलं तिथपासूनचा काळ त्या दिवशी संपला. हळहळ वाटणं साहजिकच होतं. आखाती देशांत, लंडनला, न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेलेल्या कितीतरी मराठी माणसांसाठी परदेशी जाणारं विमान म्हणजे हेच विमान होतं.

त्या बातमीतला खरेदीदार मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. एअर इंडियाची उरलेली चारही ७४७ घेतली ती एअरसेल या अमेरिकी कंपनीने. वापरलेली विमानं, इंजिनं आणि सुटे भाग विकणं हा तिचा धंदा. उडण्याच्या स्थितीतलं विमान अशा व्यापाऱ्याकडे का जातं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

विमानं एका जागी गोळा करून ठेवण्याची आणि मोडण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाने सुरू केली. युद्ध संपलं आणि अमेरिकेच्या हाती हजारो बॉम्बफेकी विमानं उरली, ज्यांना काम नव्हतं. अ‍ॅरिझोनातल्या किंगमन इथे ती रांगेने उभी केली गेली आणि त्यातली बहुतेक वितळवून अ‍ॅल्युमिनियमच्या लगडी झाल्या. त्याच राज्यात टूसॉनजवळ डेव्हिस-मॉन्थन हा हवाईतळ १९४६ पासून लष्करी विमानांच्या साठवणुकीसाठी वापरला जाऊ लागला. जागा विचारपूर्वक निवडली होती. तिथे पाऊस नगण्य, हवा कोरडी, आणि जमिनीत चुन्याचा थर इतका टणक की काँक्रीट न घालताही वजनदार विमान उभं करता येतं. धातूचा खरा शत्रू दमट हवा आहे, हे कोकणातल्या कुठल्याही पत्र्याच्या छपराकडे पाहिलं तरी कळतं.

प्रवासी विमानं पुढे याच वाटेने गेली. अमेरिकेतल्या मोहावी, व्हिक्टरव्हिल, माराना, रॉसवेल या जागांची नावं या व्यवसायात सर्वांच्या तोंडी असतात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, युरोपात स्पेनचं तेरुएल. सगळीकडे कारण तेच, कोरडी हवा. व्हिक्टरव्हिलला दुसरीही बाजू आहे. एअर इंडियाने आपल्या जुन्या बोइंग ७८७ पैकी पहिलं विमान जुलै २०२५ मध्ये अंतर्गत नूतनीकरणासाठी पाठवलं, ते याच विमानतळावरच्या बोइंगच्या केंद्रात. एका टोकाला विमानं कापली जातात आणि दुसऱ्या टोकाला नव्या खुर्च्या बसतात.

खुर्च्यांमधून चालायला दोन मार्गिका असलेली मोठी विमानं आली १९७० च्या आसपास. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने २२ जानेवारी १९७० रोजी ७४७ प्रवासी सेवेत आणलं. पाठोपाठ डीसी-१०, ट्रायस्टार आणि एअरबसचं ए३०० आलं. ही विमानं पहिल्यांदा म्हातारी झाली तेव्हा त्यांच्यासाठी दुसरं आयुष्य तयारच होतं, मालवाहतुकीचं. खुर्च्या काढायच्या, जमीन मजबूत करायची, बाजूला मोठा दरवाजा कापायचा, की पुढची पंधरा-वीस वर्षं निघाली. ज्या विमानातून प्रवासी गेले त्याच विमानातून नंतर पार्सलं, औषधं आणि फुलं गेली. आजही बोइंग ७६७ आणि एअरबस ए३३० यांचं असं रूपांतर मोठ्या प्रमाणावर होतं.

७४७ सारख्या चार इंजिनांच्या प्रवासी विमानांचा पाया मात्र त्यांच्या भरभराटीच्या काळातच खचत होता. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून दोन तासांच्या अंतरापर्यंत समुद्रावरून जाण्याची मुभा मिळाली, नंतर ती मर्यादा वाढत गेली. १९९५ मध्ये दोन इंजिनांचं बोइंग ७७७ आलं. दोन इंजिनांत जवळपास तेवढंच काम होत असेल तर चार इंजिनांचं इंधन आणि चार इंजिनांची देखभाल कोण सोसणार? कोविडने फक्त शेवटचा धक्का दिला. जुलै २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपली सर्व ३१ जंबो विमानं एका घोषणेत निवृत्त केली. १,५७४ वं आणि शेवटचं ७४७ अ‍ॅटलस एअर या अमेरिकी मालवाहू कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ताब्यात घेतलं, तेही मालवाहू.

विमान निवृत्त होतं ते म्हातारपणामुळे, अशी आपली समजूत असते. वयाचा वाटा असतोच. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो, धड किंचित फुगतं आणि पुन्हा बसतं, आणि हा फेरा हजारो वेळा होऊन धातू थकतो. पण बहुतेक विमानं त्या मर्यादेच्या कितीतरी आधी थांबतात. निर्णय होतो तो मोठ्या तपासणीच्या तोंडावर. काही वर्षांनी एकदा विमान जवळजवळ सांगाड्यापर्यंत उघडावं लागतं. या तपासणीचा, डी-चेकचा, खर्च काही दशलक्ष डॉलर असतो. तेव्हा मालक दोन आकडे शेजारी ठेवतो. तपासणी करून उडवलं तर विमानाची किंमत किती, आणि सोडवून भाग विकले तर किती. दुसरा आकडा मोठा निघाला की विमान मोडीच्या वाटेला लागतं, मग ते बारा वर्षांचं असो की तीस वर्षांचं.

एअरबसच्या दुमजली, चार इंजिनांच्या ए३८० इतकं या हिशेबाचं कठोर उदाहरण दुसरं नाही. सिंगापूर एअरलाइन्सने २००७ मध्ये जगातलं पहिलं ए३८० सेवेत आणलं. दहा वर्षांचा भाडेकरार संपताच ते परत केलं. मालक होता जर्मनीतला एक गुंतवणूक समूह, डॉक्टर पीटर्स, आणि त्यात पैसा होता सामान्य गुंतवणूकदारांचा. विमान उत्तम स्थितीत होतं, पण घेणारच कुणी मिळेना. इतकं मोठं विमान भरू शकणाऱ्या कंपन्या मोजक्या, आतली रचना बदलण्याचा खर्च अफाट, आणि मालवाहू रूपांतराची सोयच नाही. अखेर २०१८ मध्ये ते आणि याच समूहाचं आणखी एक अशी दोन ए३८० मोडीत काढायचं ठरलं आणि फ्रान्समधल्या तार्ब इथे ती उघडली गेली. त्यांची इंजिनं मात्र रोल्स-रॉइसला भाड्याने गेली आणि दुसऱ्या ए३८० च्या पंखांखाली कामाला लागली. गंमत अशी की कोविडनंतर प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतले आणि लुफ्तहान्साने तेरुएलला ठेवलेली आपली ए३८० बाहेर काढून २०२३ पासून पुन्हा उडवली. त्या दोन विमानांना चार-पाच वर्षं धीर धरणारा मालक मिळाला असता तर? पण रिकामं उभं असलेलं विमानही फुकट उभं राहत नाही.

उभं ठेवणं हेही कामच आहे. इंजिनांची तोंडं बंद करायची, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवायच्या, खिडक्यांवर चकाकता कागद चिकटवायचा, पक्षी आणि किडे शिरतील अशी प्रत्येक फट बुजवायची. वजनाने टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून चाकं ठरावीक दिवसांनी थोडी फिरवायची. हे सगळं केलं तर विमान परत उडतं. नाही केलं तर काही महिन्यांत त्याची किंमत गळू लागते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली आणि तिची काही बोइंग ७७७ विमानं दिवाळखोरीच्या प्रक्रियेत वर्षानुवर्षं अडकून राहिली. मुंबईच्या चार पावसाळी महिन्यांत उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचं काय होत असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. देणेकऱ्यांचा, म्हणजे थकलेल्या पगारांची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही पैसा त्या अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेला होता.

मोडण्याचं काम बाहेरून रानटी दिसतं, पण त्याचा पहिला टप्पा अतिशय हळुवार असतो. आधी इंधन आणि हायड्रॉलिक तेल काढून घेतात, आग विझवण्यासाठीचा हॅलॉन वायू काढतात. सुरुवातीच्या ७४७ मध्ये तोल साधण्यासाठी क्षीण युरेनियमची (म्हणजे किरणोत्सार कमी असलेल्या, पण अतिशय जड युरेनियमची) वजनं बसवलेली असत. ती वेगळी काढावी लागत. १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या वस्तीवर एल अलचं मालवाहू ७४७ कोसळलं, तेव्हा याच युरेनियमवरून तिथे अनेक वर्षं वाद चालला. मग इंजिनं उतरतात. जुन्या विमानाच्या एकूण किमतीतला सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. पुढच्या मोठ्या दुरुस्तीआधी इंजिनात जे तास शिल्लक असतात, त्यांनाच बाजारात भाव मिळतो. त्यानंतर लँडिंग गिअर, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, कॉकपिटमधली उपकरणं, पंप, झडपा, दरवाजे. तंत्रज्ञ प्रत्येक भाग सोडवतो, त्यावर चिठ्ठी बांधतो, क्रमांक लिहितो. सगळं निघालं की शेवटी जबड्यासारखी कात्री लावलेलं खोदयंत्र येतं आणि उरलेलं धड काही दिवसांत तुकडे होऊन पडतं.

त्या चिठ्ठीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते या व्यवसायाचा कणा तीच आहे. इंजिनातल्या फिरत्या चकतीला ठरावीक उड्डाणांचं आयुष्य असतं. ती चकती कारखान्यातून निघाल्यापासून कुठल्या इंजिनात, कुठल्या विमानावर, किती वेळा फिरली याची सलग नोंद असेल तरच ती पुढे वापरता येते. मधलं एक पान हरवलं तर लाखो डॉलरची चकती भंगाराच्या भावाने जाते. म्हणूनच खोटी पानं बनवण्याचा मोह होतो. १९९५ मध्ये कोलंबियात अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७ डोंगरावर आदळलं. अपघातस्थळावरून भाग चोरले गेले आणि पुढे ते काळ्या बाजारात पोचले. २०२३ मध्ये लंडनस्थित एओजी टेक्निक्स ही कंपनी खोट्या प्रमाणपत्रांसह इंजिनांचे भाग विकत असल्याचं उघड झालं आणि जगभरच्या विमान कंपन्यांना इंजिनं उघडून शोधाशोध करावी लागली. जुना भाग वापरण्यात काहीच गैर नाही. ज्या भागाचा इतिहास माहीत नाही तो विमानात असणं, हे गैर आहे.

अपघातग्रस्त विमानांचा प्रश्नही याच मुळाशी येतो. नुकसान झालं की विमा कंपनीचा माणूस दुरुस्तीचा खर्च आणि विमानाची किंमत यांची तुलना करतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं ए३०० इंधन संपल्यामुळे तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरलं. आतले सर्व २६२ जण वाचले, विमान मात्र कायमचं बाद झालं. त्याउलट १९८३ मध्ये एअर कॅनडाचं ७६७ हवेतच इंधन संपून कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरलं, दुरुस्त झालं, आणि त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं उडून २००८ मध्ये मोहावीला निवृत्त झालं. क्वांटासने तर २०१० मध्ये इंजिन फुटून जबर जखमी झालेलं ए३८० सुमारे १३.९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून एप्रिल २०१२ मध्ये परत सेवेत आणलं.

दुरुस्ती नीट झाली नाही तर काय होतं, हे जपानने पाहिलं. जपान एअरलाइन्सच्या एका ७४७ ची शेपटी १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली. मागच्या बाजूची दाब सांभाळणारी भिंत बोइंगच्या पथकाने दुरुस्त केली. आराखड्यात तिथे एक सलग जोडपट्टी होती. प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांत बसवली गेली, आणि त्यामुळे जोडाचा भार रिव्हेटच्या एकाच ओळीवर आला. कागदावर विमान दुरुस्त झालेलं होतं. सात वर्षं ते रोज उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली, उभी शेपटी तुटली, चारही हायड्रॉलिक यंत्रणा रिकाम्या झाल्या आणि ५२० माणसं मेली. चायना एअरलाइन्सच्या ७४७ ची गोष्ट जवळजवळ तीच. १९८० मध्ये हाँगकाँगला शेपटी घासली, ओरखडे पडलेला पत्रा न काढता वरून ठिगळ लावलं गेलं, आणि २००२ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर विमान हवेतच फुटून २२५ जण गेले. ते विमान विकलं गेलं होतं, नव्या मालकाच्या हाती जाणारच होतं. ही दोन नावं या क्षेत्रात शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवीत.

उरलेल्या धातूचं काय होतं, याकडे उशिरा लक्ष गेलं. २००५ नंतर एअरबसने तार्ब इथे एक जुनं ए३०० पद्धतशीर उघडून दाखवलं की वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत भाग पुन्हा उपयोगात आणता येतात. २००६ मध्ये बोइंग आणि इतरांच्या पुढाकाराने विमानांच्या पुनर्वापराची एक संघटना उभी राहिली आणि कामाचे नियम ठरू लागले. अडचण मिश्रणाची असते. विमानाच्या एका भागात तांबं असलेला अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्यात जस्त असलेला. दोन्ही एकत्र वितळले तर विमानाच्या दर्जाचा धातू परत मिळत नाही, साध्या ओतकामापुरता मिळतो. काही धडं अर्थात वितळत नाहीतच. स्टॉकहोमच्या विमानतळावर १९७६ चं एक ७४७ जानेवारी २००९ मध्ये निवासगृह म्हणून सुरू झालं. केएलएमचं एक ७४७ तर २०१९ मध्ये शेतं, ओढे आणि महामार्ग ओलांडत अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका हॉटेलच्या बागेत नेऊन ठेवलं. अशा विमानांचे फोटो सगळीकडे दिसतात, पण त्यांची संख्या नगण्य आहे.

आता नवीनच प्रश्न दारात आला आहे. ७८७ च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे, आणि तो वितळत नाही. दुरुस्त मात्र होतो. इथिओपियन एअरलाइन्सचं ७८७ जुलै २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आतून जळलं आणि त्याच वर्षाअखेरीस पुन्हा उडालं. पण २०२३ मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथे पहिली दोन ७८७ मोडायला घेतली गेली. जेमतेम दहा वर्षांची ती विमानं. सुट्या भागांना मागणी भरपूर होती, म्हणून तर ती फोडली. धडाचं काय करायचं याचं उत्तर अजून सरळ नाही. उष्णतेने तंतूंना धरून ठेवणारी राळ जाळून ते मोकळे करता येतात, पण ते आखूड होतात, थोडे कमकुवत होतात आणि विमानाच्या धडात परत जात नाहीत. त्यांना दुसरं काम शोधावं लागतं, गाड्यांच्या सुट्या भागांत, खेळाच्या साहित्यात, उपकरणांच्या पेट्यांत. ७८७ आणि तसंच संमिश्राचं एअरबस ए३५० यांची मोठी तुकडी निवृत्तीच्या वयाला यायला अजून काही वर्षं आहेत, आणि तंतू परवडणाऱ्या खर्चात लांब ठेवणारी पद्धत तेवढ्या अवधीत कारखान्यापर्यंत पोचायला हवी.